रेवा मिलचा पुकारा

बिलावली तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सकाळी आम्हाला गळ्यात घालायचं कार्ड मिळालं, तेव्हा रघुवीररावांनी ते आधी उलटं धरलं. चष्मा त्यांनी घरीच ठेवला होता, पाण्यात पडेल म्हणून. "पंत, वाचा," म्हणत त्यांनी ते माझ्याकडे दिलं. वरच्या बाजूला थंड पेयाच्या बाटलीचं रंगीत चित्र, त्याखाली जागेचा नंबर, आणि त्याखाली पेंटरच्या हातच्या काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: भूतपूर्व रेवा मिल.

मी ते मनात वाचलं. मोठ्यानं वाचायला जीभ उचलेना.

"काय झालं? नाव चुकवलं का त्यांनी?"

"नाव बरोबर आहे," मी म्हणालो. "पुढे एक शब्द जास्तीचा आहे."

"कोणता?"

"भूतपूर्व."

रघुवीरराव फणसे रेवा मिलच्या लूमखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. त्यांचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते असं ते सांगत, आणि त्यांच्याकडे बघून ते पटायचं. तीस वर्षं लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलल्यामुळे त्यांना हळू बोलणं असं ठाऊकच नव्हतं. मी त्याच मिलच्या कामगार वाचनालयात पुस्तकं देत-घेत असे. मला सगळे दत्तोपंत म्हणत, आणि लूमखात्यातले लोक 'किताबवाले पंडितजी'. मोठ्यानं बोलायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती, वाचनालयात तशी पाटीच होती.

रघुवीरराव कार्ड घेऊन तडक टेबलाकडे गेले. मी मागे. टेबलाशी अर्पित बसला होता. ज्या बिल्डरनं यंदा मासेमारीच्या स्पर्धेचा खर्च उचलला होता त्याचा हा मुलगा. विजय नगरला त्यांची नवी फ्लॅटची कामं चालली होती. अंगात चांगलं जाकीट, कमरेला पेजर, बोलणं नम्र.

"ये भूतपूर्व किसने लिखवाया?"

"अंकल, इसमें बुरा क्या है? मिल बंद है ना?"

"बंद है."

"तो भूतपूर्व हो गई."

"इतवार को तुम्हारे पिताजी का ऑफिस बंद रहता है," रघुवीरराव म्हणाले. "सोमवार तक भूतपूर्व हो जाता है क्या?"

टेबलाभोवतीचे लोक हसले. अर्पितही हसला. वाईट मुलगा नव्हता तो. "चार साल का इतवार नहीं होता, अंकल," तो म्हणाला, आणि मग लोक त्याच्या बाजूनं हसले.

रघुवीररावांचे कान लाल झाले. थंडीनं की रागानं, सांगता आलं नसतं.

"देखिए, ये संस्थाओं की स्पर्धा है," अर्पित समजावणीच्या सुरात म्हणाला. "जो चालू हैं उनकी. फिर भी हमने आपको लिया. पुराने लोग हैं, रौनक रहती है. और नाम का झगड़ा अभी से क्यों? पहले मछली तो लाओ. मछली नहीं आई तो कौन सा नाम और कौन पुकारेगा?"

ते मात्र खरं होतं. संक्रांतीच्या मागच्या-पुढच्या रविवारी होणाऱ्या या स्पर्धेची रीतच तशी होती. बँक, वीज मंडळ, रेल्वे, विमा, गिरण्या, प्रत्येकाची दोघांची जोडी. जोडीनं मासा आणून तराजूत टाकला की तिच्या संस्थेचं नाव तीनदा मोठ्यानं पुकारायचं. त्याला पुकारा म्हणत. किलोच्या आतला मासा तराजूत घेत नसत. ज्यांना मासा मिळाला नाही ते बिनपुकारे. त्यांनी सामान उचलायचं आणि घरी जायचं, वर्षभर चहाच्या टपरीवर टोमणे खायचे. बक्षीस कुणाला मिळालं हे लोक विसरत, पण कोण बिनपुकारा राहिला ते विसरत नसत.

टेबलापासून दूर आल्यावर रघुवीररावांनी कार्डाची दोरी गळ्यातून काढली. "चला पंत. घरी जाऊ. ह्यांच्या तलावात मी थुंकत पण नाही."

त्यांचं म्हणणं मला समजत होतं. मिल बंद झाली तेव्हा कुणी आम्हाला कामावरून काढलं नव्हतं. एके दिवशी फाटक उघडलं नाही, एवढंच. कोर्टात खटला चालू होता, यंत्रं आत होती, माझी पुस्तकंही आत कपाटांत होती. दर रविवारी सकाळी आम्ही फाटकासमोर जमत असू. कुणी बोलताना "हम मिल में थे" म्हणालं की दोन-चार जण लगेच टोकत, "थे नहीं, हैं." हसू यावं असाच तो प्रकार होता, आणि बाहेरचे लोक हसतही. रघुवीररावांच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं होतं, "आधी कुठे होतात?" तेव्हा ते म्हणाले होते, "आधी नाही. आत्ता आहे. रेवा मिल." ते स्थळ तिथंच फिसकटलं.

त्या जोडीत खरं तर माझी जागा नव्हती. रघुवीररावांचा जुना जोडीदार अरविंद लूम शोधत सुरतेला निघून गेला होता. गेल्या वर्षापासून मी त्यांच्यासोबत तलावावर जायला लागलो, ते घरी बसून वाचवेना म्हणून. मासेमारीवर जे मिळालं ते वाचलं, आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही. माझा दोरा गुंतायचा. मासा मी खातही नाही. त्या दिवशी निघताना आमची सरला म्हणाली होती, "मिळाला तर रघुवीरभाऊजींच्या घरी द्या. आणि नाहीच मिळाला तर निदान सर्दी घेऊन येऊ नका."

तर रघुवीरराव निघाले होते आणि मी उभाच होतो.

"काय झालं?"

"आपण गेलो तर," मी म्हणालो, "भूतपूर्व म्हणूनसुद्धा कुणी नाव घेणार नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, मी चुकीचं बोललो. बहुतेक वेळा तसंच वाटतं.

"मग?"

"मग बसू या. मासा तर काढू. पुकाऱ्याचं पुढे बघू."

"बघू म्हणजे काय बघणार तुम्ही?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. पण त्यांनी कार्डाची दोरी माझ्या गळ्यात टाकली. "तुमचा सल्ला ना? मग हे भूत तुमच्या गळ्यात," ते म्हणाले आणि बंश्या, म्हणजे गळाच्या बांबूच्या काठ्या, उचलून चालायला लागले.

चिठ्ठीत आम्हाला आलेली जागा सगळ्यांत वाईट होती. आदल्या पावसाळ्यात पाऊस कमी झाला होता, तलाव मागे सरकला होता, आणि पाळीचे दगड नि पाणी यांच्यात चिखलाचा पट्टा पडला होता. पाण्यात काठालगत शेवाळ नि वेली. त्या आठवड्यात माळव्यात थंडीची लाट आलेली. उत्तरेचा वारा थेट आमच्या तोंडावर. समोरच्या काठावर बसलेल्यांच्या तो पाठीशी होता, त्यांचा दोरा सुरेख लांब जात होता. आमचा दोरा वाऱ्यानं कमानीसारखा फुगायचा आणि गळ चार हातांवर पडायचा.

थंडीत रोहू तळाशी सुस्त पडून राहतो, तोंड उघडायलाही आळस करतो. त्या सकाळी सगळ्याच तलावावर सामसूम होती. सरकीची पेंड, भात आणि हिंग घालून रघुवीररावांनी चारा मळला होता. बोटं बधिर झाल्यामुळे त्याच्या गोळ्या वळता येत नव्हत्या. गोळी गळावर लावावी, फेकावी, मोरपिसाच्या काडीची तरंडी लाटांवर नाचताना बघावी, आणि ती लाटेनं नाचते की माशानं, याचा अंदाज करत डोळ्यांतून पाणी काढावं. बस.

आमच्या डाव्या हाताला बँकेची जोडी होती. त्यांच्याकडे नव्या पद्धतीचे फायबरचे रॉड, दोरा गुंडाळायची चकचकीत चरखी, घडीच्या खुर्च्या. मासा त्यांनाही नव्हता, पण थर्मासमधला चहा होता.

"फणसे भिया," त्यातला एक ओरडला, "भूतपूर्व मिल को भूतपूर्व मछली मिलेगी क्या?"

"मिलेगी," रघुवीरराव ओरडले. "तुम्हारी बैंक में खाता खुलवाएँगे उसका."

दुपार जवळ आली तरी सगळ्या तलावात एकच मासा निघाला होता. वीज मंडळाचा. पाळीवरच्या भोंग्यातून "विद्युत मंडल, विद्युत मंडल, विद्युत मंडल" असा पुकारा पाण्यावरून आला. पुकारणारा शाम होता. ऑर्केस्ट्रा, गरबा, गणपतीतल्या स्पर्धा, शहरात कुठंही माइक असला की मागे शाम असायचाच. साध्या नावालाही तो असा ताल द्यायचा की वाटावं, मोठा कलावंत मंचावर येतोय. त्याच्या आवाजात 'विद्युत मंडल'सुद्धा भव्य वाटलं. रघुवीररावांनी मान फिरवली आणि चिखलात थुंकले. सकाळची प्रतिज्ञा मोडली तर मोडली.

माझ्या गळ्यातलं कार्ड वाऱ्यानं सारखं हनुवटीवर आपटत होतं. ते आवरावं म्हणून हातात धरलं आणि करायला दुसरं काही नसल्यामुळे वाचत बसलो. भूतपूर्व. भूत म्हणजे झालेलं, पूर्व म्हणजे आधी. शब्दात तसं वाईट काही नाही. मेलेल्या माणसाला 'कैलासवासी' लावतात त्यातही वाईट काही नसतं, फक्त तो मेलेला असतो. पेंटरनं ओळ मधोमध यावी म्हणून डाव्या बाजूला दोन बोटं जागा मोकळी सोडली होती. त्या मोकळ्या जागेकडे माझी नजर गेली आणि तिथंच राहिली.

माझ्या स्वेटरच्या आत सदऱ्याच्या खिशात जाड निबेचं काळं पेन होतं. पुस्तकांच्या पाठीवर नंबर घालायचं. वाचनालय बंद झालं तरी ते खिशातून गेलं नव्हतं. मी ते काढलं, परत ठेवलं. इकडेतिकडे पाहिलं. आयुष्यात मी दुसऱ्याच्या कागदावर कधी खाडाखोड केली नव्हती. पुस्तकात पेन्सिलनं रेघ मारणाऱ्यांना मी वाचनालयातून परत पाठवत असे. हात काखेत दाबून थोडा गरम केला. मग कार्ड गुडघ्यावर ठेवून, पेंटरच्या वळणाशी जुळेल असं, रेघ वरच्या रेघेत मिसळून, मी एकच अक्षर काढलं.

शाई वाळेपर्यंत फुंकर घालत होतो. रघुवीररावांना वाटलं मी बोटं गरम करतोय.

"काय करताय पंत?"

मी कार्ड त्यांच्यापुढे केलं. त्यांनी ते हात लांब करून धरलं, डोळे बारीक केले.

"अ," ते म्हणाले. "अ... भूत... पूर्व." "म्हणजे?"

"म्हणजे असं आधी कधी झालंच नाही, असं. एकमेव."

"एका अ-नं?"

"एका अ-नं."

ते कार्डाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. आणि मग ते असे हसले की बँकेची दोन्ही माणसं खुर्चीत वळली.

"क्या हुआ फणसे भिया? मछली ने चुटकुला सुनाया?"

"सुनाया," रघुवीरराव डोळे पुसत म्हणाले. "तुमको समझ में नहीं आएगा. पढ़े-लिखों वाला है." मग माझ्याकडे झुकून, त्यांच्या मानानं हळू म्हणजे साध्या माणसाच्या बोलण्याइतक्या आवाजात, "हे तुम्ही केलंत? तुम्ही?"

मला एकदम भीती वाटली. "खोडू का?"

"हात तर लावून बघा," ते म्हणाले.

आणि त्यानंतर आमची अवस्था आधीपेक्षा वाईट झाली. सकाळपासून मासा मिळाला तर बरं, असं होतं. आता मासा मिळालाच पाहिजे होता. तराजूत काही पडलंच नाही, तर ते अक्षर कुणी वाचणार नव्हतं. आणि ते मोठ्यानं वाचलं जावं असं मला वाटत होतं, इतकं की त्याची लाज वाटावी. रघुवीररावांनी बोलणं बंद केलं. ते चारा बदलत होते, खोली बदलत होते, वाऱ्याला शिव्या देत होते. माझ्या हातात दुसरी बंसी होती, नावापुरती. दोनला शिट्टी होणार होती, म्हणजे फार वेळ उरला नव्हता.

मी फेकायला उठलो आणि नेमका वाऱ्याचा झोत आला. गळ समोर न जाता उजवीकडे भिरभिरत गेला आणि पाळीचे काही दगड पाण्यात गेले होते तिथं, वेलींच्या तोंडाशी, हातभर पाण्यात पडला. तिथं कुणी गळ टाकत नाही. अडकतो आणि तुटतो. तो ओढून घेतला असता तर वेलीत गुंतला असता आणि रघुवीरराव मला बोलले असते. मी गप्प बसलो. ते आपल्या तरंडीकडे बघत होते, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. येईपर्यंत तसंच राहू द्यावं, असं मी ठरवलं.

दुपारच्या उन्हानं ते दगड थोडे तापले असावेत, आणि त्यांच्या आडोशाला वाराही लागत नव्हता. नंतर रघुवीररावांनी असं कारण काढलं. मी त्यातलं काही योजलं नव्हतं. मला फक्त एवढं दिसलं, की माझी तरंडी आडवी झाली, आणि मग ती तिथं नव्हती.

"रघुवीरराव," मी म्हणालो.

"काय?"

"माझी काडी दिसत नाही."

त्यांनी वळून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून जी ओळ निघाली ती इथं लिहिण्यासारखी नाही. "धरा," ते ओरडले. "बंसी वर धरा, वर. वेलीत जाऊ देऊ नका."

"तुम्ही घ्या."

"मी नाही घेऊ शकत. ज्याच्या गळाला लागला त्यानंच बंसी धरायची, नियम आहे. पंत, सोडलंत तर बघा."

बांबू असा वाकला की मला वाटलं मोडला. हातातून एक मोठं, आंधळं, रागीट काहीतरी खालच्या बाजूला ओढत होतं. ते वेलींकडे गेलं, मी मागे सरकलो, चिखलात बसलो, बसलेलाच घसरत पुढे गेलो. दोरा वाऱ्यात तारेसारखा वाजत होता. मला पुस्तकातलं काही आठवत नव्हतं. फक्त ते अक्षर आठवत होतं, की ते वाळलंय, आता ते पुसता येणार नाही.

"ढील द्या. आता खेचा. ढील द्या म्हटलं ना, पंत. हां, असंच. असंच."

आमचं हातजाळं जुनं, मधे फाटलेलं. रघुवीररावांनी ते फेकून दिलं, मफलर काढली, पायजमा वर केला आणि त्या बर्फासारख्या पाण्यात मांडीपर्यंत उतरले. तोंडानं श्रीरामाचं नाव आणि शिव्या आलटून पालटून चालू होत्या. मासा एकदा वर आला, पोट चमकलं, परत गेला. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा त्यांनी त्यावर मफलर टाकली आणि दोन्ही हातांनी मिठी मारली, भांडण मिटलेल्या भावाला मारावी तशी. आणि तसेच, त्याला छातीशी धरून, वर आले.

चांगला मोठा रोहू होता. तांबूस खवले. किलोच्या वर निश्चित, त्याबद्दल बँकवालेही काही बोलले नाहीत. उलट त्यातल्या एकानं थर्मासचं झाकण भरून चहा आणून रघुवीररावांच्या हातात दिला. त्यांचे दात वाजत होते, तरी ते म्हणाले, "खाता तो नहीं खुलवाना पड़ेगा ना?"

तराजूपाशी गर्दी जमली होती. फाटकावरची सभा आटोपून आमचे मिलचे लोक सायकली घेऊन आले होते, पाळीवर ओळीनं उभे होते. रघुवीररावांनी मासा पारड्यात ठेवला. मी गळ्यातलं कार्ड काढून शामच्या हातात दिलं. देताना वाटलं, अजून वेळ आहे, 'पेंटरची चूक आहे' म्हणून सांगता येईल. तोंड उघडलं नाही. न उघडायची सवय त्या वेळी कामाला आली.

शामनं कार्ड घेतलं. कपाळाला हलकी आठी पडली, लगेच गेली. माइकवर जो शब्द शोभतो तो चुकीचा असेल असं त्याला कधी वाटत नसावं. त्यानं मान मागे टाकली.

"अभूऽतपूर्व रेवा मिल."

पाळीवर कुणी हललं नाही.

"अभूऽतपूर्व... रेवा मिल."

सायकलींच्या ओळीत कुणीतरी हसलं, मग कुणीतरी शेजाऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. तिसऱ्या वेळी शाम एकटा नव्हता. लूमखात्याचे आवाज होते ते, खडखडाटावरून पलीकडे पोचणारे. त्यांनी 'अभूतपूर्व' इतकं मोठ्यानं म्हटलं की समोरच्या काठावरचे बगळे उडाले.

अर्पित टेबलावरून उठून आला. कार्ड घेतलं, उन्हात धरलं. "ये 'अ' किसने लगाया?"

रघुवीरराव तोंड उघडत होते. मी आधी म्हणालो, "मैंने."

"अंकल, आपने?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "आप तो पढ़े-लिखे आदमी हैं."

"उसी वजह से," मी म्हणालो.

नियमाचं पुस्तक न उघडताच तो म्हणाला, की कार्डात बदल केला तर नोंद रद्द होते. मग आवाज खाली आणून त्यानं दुसरंही सांगितलं. शिट्टीपर्यंत तीनच मासे निघाले होते आणि वजनात आमचा तिसरा. तिसऱ्या बक्षिसाचा फायबरचा रॉड टेबलावरच होता, चरखीसकट. "मुझे भी आपको खाली हाथ नहीं भेजना. शाम भिया फिर से तीन बार पुकार देंगे, सही वाला नाम. बस. रॉड आपकी."

मी रघुवीररावांकडे पाहिलं. हे मी ठरवायचं नव्हतं. अक्षर माझं होतं, पण रॉड त्यांचा होता. त्यांचा बांबू तीन ठिकाणी दोऱ्यानं बांधलेला होता, आणि सबंध सकाळ त्यांना बँकवाल्यांच्या चरखीकडे चोरून बघताना मी पाहिलं होतं.

ते टेबलाशी गेले. ओल्या पायजम्यातून पाणी गळत होतं. त्यांनी रॉड उचलला, वाकवून पाहिला, सोडला. चरखी कानाशी नेऊन एकदा फिरवली. टिकटिक असा बारीक, देखणा आवाज करत ती फिरली. पाळीवरचे सगळे लोक ती टिकटिक ऐकत होते असं वाटलं. मग त्यांनी रॉड जिथं होता तिथं, तसाच, दोन्ही हातांनी ठेवला.

"चीज़ अच्छी है," ते म्हणाले. "बैंकवालों को दे दो. सुबह से खाली बैठे हैं बेचारे."

"अंकल, एक शब्द की बात है."

"एक शब्द की नहीं है, बेटा," रघुवीरराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर खाली आला. "एक अक्षर की है. वो हमने लगा दिया. अब तू निकाल के दिखा."

त्यांनी पारड्यातून मासा उचलला, मफलरमध्ये गुंडाळला. अर्पितनं कार्ड मागे ठेवून घेतलं, ते त्याचंच होतं. आम्ही सामान बांधलं. मिलचे लोक आमच्याभोवती जमले, कुणी रघुवीररावांना कोरडा शर्ट दिला, कुणी मला विचारलं, पंडितजी, असे आणखी किती शब्द आहेत? मी म्हणालो, बघून सांगतो. मला खरंच बघावंसं वाटत होतं.

खंडवा रोडला लागून थोडं अंतर गेलो असू. सायकली हातातच होत्या, रघुवीररावांच्या पायात गोळे येत होते म्हणून. मागून भोंग्याचा आवाज आला. अर्पितनं चूक दुरुस्त करायला लावली होती.

"कृपया ध्यान दें," शाम म्हणत होता. "अभी जो अभूतपूर्व रेवा मिल पुकारा गया, उसे भूतपूर्व रेवा मिल समझा जाए."

पाळीवरून काहीतरी गलका झाला. लोक पुन्हा सांगा म्हणत असावेत.

"फिर से सुन लें. रेवा मिल अभूतपूर्व नहीं... मतलब, जो भूतपूर्व थी वो... एक मिनट. रेवा मिल, जिसको हमने अभूतपूर्व कहा..."

गलका वाढला. मी चालत राहिलो. रघुवीररावांनी माझ्या सायकलीचा कॅरिअर मागून धरला.

"थांबा पंत," ते म्हणाले. "अजून नाव घेतोय."

वारा उलटा होता, आवाज मधेच विरायचा आणि मग पुन्हा यायचा. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मफलरमधून पाणी थेंबथेंब गळत होतं, रघुवीरराव थंडीनं कुडकुडत होते, आणि शाम दुरुस्ती करत होता. त्याचं होईपर्यंत आम्ही हललो नाही.